गंध चंदनाचा की अंगाचा?

मराठीत ‘गंध’ हा शब्द दोन अर्थांनी नांदतो. नाकाला जाणवतो तो गंध, आणि सहाणेवर चंदनाचे खोड उगाळून कपाळी लावतात तेही गंधच. पहिल्या अर्थी तो एक गुण आहे, दुसऱ्या अर्थी एक पदार्थ. या दोन अर्थांना सांधणारी वस्तू म्हणजे माणसाची त्वचा. एकाच खोडाचे गंध दहा जणांनी सकाळी लावले, तरी दुपारी त्या दहा कपाळांचा वास एकसारखा राहत नाही. कोणाच्या कपाळी ते मंद, गोड दरवळत असते. कोणाच्या घामात मिसळून त्याला आंबूसपणा येतो. कोणाच्या कोरड्या कातडीवर केवळ पिवळसर भुकटी उरते. कानात ठेवलेल्या अत्तराच्या फायाची हीच गत. नागरमोथा, वाळा, कचोरा आणि चंदन यांचे एकाच वाटीतले उटणे दिवाळीच्या पहाटे घरातील सर्वांच्या अंगाला लागते. पण आजोबांच्या अंगावर ते जसे उतरते तसे नातवाच्या अंगावर उतरत नाही.

मग हा गंध कोणाचा म्हणायचा? चंदनाचा की अंगाचा? प्रश्न दिसायला लहान आहे. परंतु भारतीय विचाराच्या इतिहासात त्याला मोठी परंपरा आहे. व्यापाऱ्याने तो मोलासाठी विचारला, वैद्याने रोग्याच्या प्राणासाठी विचारला, भिक्षूने वैराग्यासाठी विचारला आणि तार्किकाने सत्यासाठी विचारला. या चौघांच्याही वाटा एका नगरीपाशी येतात. ती नगरी म्हणजे वाराणसी.

काशीचे रेशमी वस्त्र आजही प्रसिद्ध आहे; काशीचे चंदन मात्र लोकांच्या विस्मरणात गेले आहे. पाली त्रिपिटकातील अंगुत्तरनिकायात गौतम बुद्ध आपल्या सुकुमार तरुणपणाची आठवण सांगतात. त्या वैभवाच्या दिवसांत काशीखेरीज अन्य ठिकाणचे चंदन आपण वापरीत नव्हतो, आणि आपले शिरोवेष्टन व अंगावरची वस्त्रेही काशीचीच असत, असे त्यांचे कथन आहे. राजपुत्राच्या ऐश्वर्याचे माप म्हणून काशीच्या ज्या वस्तू सांगितल्या, त्यांत पहिला मान चंदनाला आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

आता सुगंधी चंदनाचे झाड हे मुख्यतः दक्षिणेचे. संस्कृत काव्याने त्याचे घर मलय पर्वतावर ठरवले ते उगीच नव्हे. गंगेच्या गाळाच्या मैदानात चंदनाची वने नव्हती. तेव्हा ‘काशीचे चंदन’ म्हणजे काशीच्या मातीत वाढलेले चंदन नसून काशीच्या पेठेत आलेले, तेथे पारखले गेलेले आणि विलेपनासाठी सिद्ध झालेले चंदन, असे मानणेच सयुक्तिक ठरते. गंगेचा जलमार्ग आणि दक्षिणेकडून येणारे खुष्कीचे मार्ग यांच्या संगमावर वसलेल्या नगरीने दुसऱ्याच्या मालावर आपले नाव उमटवावे, हे व्यापाराच्या रीतीला धरूनच झाले.

पण पारखायचे म्हणजे काय करायचे? काशीचे राज्य प्रथम कोसलात आणि पुढे मगधात विलीन झाले. त्या मगधाच्या राज्यनीतीशी ज्याचे नाव जोडले जाते, त्या कौटिल्याच्या अर्थशास्त्रात या पारखीचे नियम आढळतात. राजाच्या कोशात जमा करावयाची रत्ने, मोती आणि वस्त्रे यांच्याच पंक्तीला तेथे चंदन व अगरू यांना बसवले आहे. चंदनाच्या नाना जाती रंगाने आणि वासाने वेगळ्या करून सांगितल्या आहेत. कोणी मातीच्या वासाचे, कोणी आंब्याच्या वासाचे, कोणी कमळाच्या वासाचे. आणि गोशीर्षक नावाचे नामांकित चंदन तर चक्क माशाच्या वासाचे! ‘चंदनाचा वास’ असा एकच एक वास तेव्हाचे पारखी मानीत नव्हते, हे यावरून उघड होते.

त्याहून महत्त्वाची आहे ती उत्तम चंदनाच्या गुणांची यादी. चंदन हलके असावे, स्निग्ध असावे, तुपासारखे अंगावर पसरावे, त्याचा वास सुखद असावा पण भडक नसावा, त्याचा रंग उडू नये, त्याने उष्णता सोसावी आणि अंगाचा दाह शोषून घ्यावा, अशी ती लक्षणे आहेत. त्यांत एक शब्द फार मोलाचा आहे: ‘त्वगनुसारी’. त्वचेचे अनुसरण करणारे, त्वचेत शिरून तिच्यासंगे चालणारे, ते चंदन चांगले. अगरूच्या बाबतीत त्याचा गंध दूरवर जावा आणि चोळूनही टिकावा, अशी अपेक्षा सांगितली आहे. म्हणजे कोशाध्यक्षाची कसोटी नुसत्या लाकडाच्या ओंडक्यावर पुरी होत नव्हती. चंदन उगाळून अंगाला लावावे लागे, वाट पाहावी लागे, चोळून पाहावे लागे. सोन्याला जसा कसोटीचा दगड, तशी चंदनाला माणसाची कातडी.

परंतु दगड आणि कातडी यांत एक मोठा भेद आहे. कसोटीचा दगड सोन्यात आपले काही मिसळत नाही. कातडी मात्र मिसळते. प्रत्येक देहाला स्वतःचा वास असतो, ही जाणीव आपल्या प्राचीन वाङ्मयात स्पष्ट आहे, आणि तिची सर्वांत परिणामकारक कथा काशीच्याच एका राजकन्येच्या वाट्याला आली आहे. महाभारतातील सत्यवती ही धीवरांच्या घरी वाढलेली. तिच्या अंगाला माशांचा वास येई म्हणून तिला मत्स्यगंधा म्हणत. पराशराच्या वराने तो दुर्गंध जाऊन योजनभर पसरणारा सुगंध तिला लाभला, आणि पुढे ती हस्तिनापूरची राणी झाली. वंश बुडण्याची वेळ आली तेव्हा तिने आपला पहिला पुत्र व्यास याला सुनांकडे पाठवले. या सुना, अंबिका आणि अंबालिका, काशिराजाच्या मुली. व्यासाने आधीच बजावले होते की सुनेला आपला वास, रूप आणि वेष सहन करावा लागेल. तपाने रापलेल्या त्या देहावर ना चंदन होते ना अगरू. अंबिकेने भीतीने डोळे मिटले आणि धृतराष्ट्र आंधळा जन्मला, असे कथा सांगते. चंदनासाठी विख्यात असलेल्या नगरीच्या कन्येला बिनचंदनाचा देह सोसवला नाही, असाही या कथेचा एक अर्थ निघतो. सासूला देहाच्या वासावरून हिणवले गेले होते. आता तिच्याच मुलाचा वास सुनेच्या कसोटीचा विषय झाला.

देहाच्या वासाकडे तिरस्काराने नव्हे, तर जिज्ञासेने पाहण्याचे श्रेय वैद्यांना द्यावे लागते. सुश्रुतसंहितेची मांडणी अशी आहे की काशिराज दिवोदास धन्वंतरी हा आश्रमात राहत असता सुश्रुत आणि इतर शिष्य त्याच्याकडे येतात आणि तो त्यांना शल्यप्रधान आयुर्वेद शिकवतो. शस्त्रकर्माच्या या परंपरेत वैद्याने डोळे, कान, बोटे यांच्याबरोबर नाकही वापरावे, असा उपदेश आहे. पित्तप्रकृतीच्या माणसाला घाम फार येतो आणि त्याच्या अंगाला उग्र वास असतो, हे निरीक्षण तेथे नोंदलेले आहे. व्रणांच्या वासाचे वर्गीकरण तर थक्क करणारे आहे. वाताच्या व्रणाचा वास तिखट, पित्ताच्या व्रणाचा तीक्ष्ण, कफाच्या व्रणाचा कच्च्या मांसासारखा, आणि रक्ताच्या व्रणाचा वास लोखंडासारखा, असे ते सांगते.

यापुढे सुश्रुत जे म्हणतो ते ऐकून सुगंधाच्या भक्ताने दचकावे. ज्या व्रणाला मद्य, तूप, जाई, कमळ, चंपक, चंदन किंवा अगरू यांचा वास येऊ लागतो, तो मरणोन्मुख माणसाचा व्रण समजावा. देवळात, शृंगारात आणि राजसभेत जो गंध मंगल मानला गेला, तोच रोग्याच्या जखमेतून आपोआप येऊ लागला तर वैद्याने आशा सोडावी! आत्रेय पुनर्वसूच्या दुसऱ्या परंपरेत, म्हणजे चरकसंहितेत, हाच विचार अधिक विस्ताराने आला आहे. ज्याच्या देहाला कारणावाचून नाना फुलांचा वास रात्रंदिवस येतो त्याला चरक ‘पुष्पित’ म्हणतो. जसे फळाआधी फूल, तसे मरणाआधी हे लक्षण. चंदन, कोष्ठ, तगर, अगरू, मध यांचे वास आणि त्यांच्याबरोबरच मलमूत्राचे व प्रेताचे वासही त्या यादीत आहेत. सुगंध आणि दुर्गंध यांना वैद्याने एकाच रांगेत उभे केले.

या प्रकरणातली खरी सूक्ष्मता निराळीच आहे. माणूस न्हालेला असो वा नसो, त्याला उटी लावलेली असो वा नसो, वासाचे कारण बाहेर सापडत नाही याची खात्री वैद्याने आधी करून घ्यावयाची आहे. म्हणजे लावलेला गंध कोणता आणि देहातून उपजलेला कोणता, याची वजाबाकी नाकाने करावी लागे. श्रीमंत रोग्याच्या अंगावर चंदनाची उटी असणारच. त्या उटीच्या आड देह काय बोलतो आहे हे ऐकणे हे वैद्याचे कौशल्य. विलास करणाऱ्याला जो प्रश्न रुचीचा होता, तो वैद्याला जीवनमरणाचा होता.

भिक्षूने या प्रश्नाकडे पाठ फिरवून त्याचे उत्तर दिले. वाराणसीच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर सारनाथ आहे. ज्याने तारुण्यात काशीच्या चंदनाखेरीज दुसरे चंदन अंगाला लावले नाही, त्यानेच येथे पहिला उपदेश केला आणि पुढे आपल्या संघाला माळा, गंध व विलेपन वर्ज्य करणारा नियम दिला. फुलांचा, चंदनाचा, तगराचा वास वाऱ्याच्या विरुद्ध जात नाही, सज्जनांच्या शीलाचा मात्र जातो, असा भाव धम्मपदात आहे. आणि गंमत अशी की त्या गंधत्यागी पुरुषाच्या निवासाचे नाव पडले ‘गंधकुटी’. सारनाथच्या मुख्य मंदिराला मूलगंधकुटी म्हणत. विक्रम संवत १०८३ म्हणजे इसवी सन १०२६ च्या, महीपाल राजाच्या काळातील शिलालेखात स्थिरपाल आणि वसंतपाल या बंधूंनी तेथे पाषाणाची नवी गंधकुटी उभारल्याचा उल्लेख आहे. महाबोधी सभेने १९३१ साली जे नवे मंदिर उघडले त्यालाही मूलगंधकुटी विहार असेच नाव दिले. भक्तांनी वाहिलेल्या धूपाने आणि फुलांनी कुटी गंधित झाली असेल. पण लोकांनी तो गंध तेथे राहणाऱ्याच्या नावावर जमा केला.

उरला तार्किक. त्याची पद्धत कोरडी, पण नेमकी. वैशेषिक दर्शनाच्या मते गंध हा केवळ पृथ्वीचा गुण आहे. पाणी, तेज, वायू यांना तो नाही. कणादाच्या सूत्रांत एक साधा दाखला येतो. फूल वस्त्राजवळ ठेवले की वस्त्राला वास येऊ लागतो. तो वास वस्त्राचा मानावा काय? नाही, वस्त्राच्या घटकांपासून तो उत्पन्न झालेला नाही, तो फुलाचाच. याच न्यायाने पाण्याला येणारा वास पाण्याचा नव्हे, त्यात मिसळलेल्या पार्थिव कणांचा. काशीला गेल्याने कोणी अन्नंभट्ट होत नाही, अशी जी म्हण पंडितांत रूढ आहे, त्या अन्नंभट्टाने आपल्या तर्कसंग्रहात पृथ्वीची व्याख्याच ‘गंध असणारी ती पृथ्वी’ अशी केली. त्याच्या स्वतःच्याच टीकेत मग शंका येते: सुगंधी आणि दुर्गंधी अवयव एकत्र येऊन एक द्रव्य झाले, तर दोन्ही वास एकमेकांना मारून ते द्रव्य निर्गंध नाही का होणार? त्याचे उत्तर असे की, तेथे जो वास जाणवतो तो त्या त्या अवयवांचाच.

या मताप्रमाणे त्वचेवरचे चंदन म्हणजे वस्त्राजवळचे फूल ठरते काय? येथे एक अडचण उभी राहते. वस्त्र आणि देह सारखे नव्हेत. न्यायशास्त्राने मनुष्यदेहाला पार्थिव म्हटले आहे, आणि त्याचे कारण हेच की देहालाही स्वतःचा गंध आहे. इतकेच नव्हे, तर ज्याने वास घ्यायचा ते घ्राणेंद्रियही पार्थिवच मानले आहे. चंदन पार्थिव, त्वचा पार्थिव, नाकही पार्थिव. तार्किकाचे हे सूत्र धरले तर गंधाच्या अनुभवात एक नव्हे, तीन पृथ्वी भाग घेतात: देणारी, धारण करणारी आणि घेणारी. प्राचीनांनी हा निष्कर्ष या शब्दांत मांडलेला नाही. पण त्याची सामग्री त्यांनी तयार ठेवली होती.

या सर्व वादात ज्याने प्रत्यक्ष हात माखले, तो गांधी म्हणजे सुगंधी द्रव्ये करणारा कारागीर. त्याच्या विद्येला गंधशास्त्र किंवा गंधयुक्ती म्हणत. सहाव्या शतकात उज्जयिनीच्या वराहमिहिराने बृहत्संहितेत या विद्येचे गणितच मांडले. सोळा द्रव्यांतून चार चार निवडली तर १,८२० गट होतात, आणि प्रत्येक गटात प्रमाणे बदलून ९६ प्रकार साधतात. एकूण गंध १,७४,७२०. या राशीला त्याने गंधांचा सागर म्हटले. पुढे गंगाधर नावाच्या ग्रंथकाराने ‘गंधसार’ लिहिला. त्यात द्रव्यांचे वर्ग पाडले आहेत: पाने, फुले, फळे, साली, लाकडे, मुळ्या, झाडांचे स्राव म्हणजे निर्यास, आणि कस्तुरीसारखी प्राणिज द्रव्ये. चंदन, अगरू, देवदार हे काष्ठवर्गातले. गुग्गुळ, राळ, कापूर हे निर्यासातले. वाळा आणि कोष्ठ मुळ्यांतले. लाकूड, राळ आणि वनस्पती यांचा जो गंभीर, उबदार, किंचित कडसर मेळ भारतीय गंधाची ओळख ठरला, त्याची ही मूळ कुटुंबे. भिजवणे, शिजवणे, जागवणे, वेध देणे, धूप देणे आणि फुलांनी वासवणे असे सहा संस्कारही त्यात सांगितले आहेत.

हा ग्रंथ आज उपलब्ध आहे याचे श्रेय एका मराठी संशोधकाला आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनी १९४५ च्या सुमारास गंधसाराचे दुर्मीळ हस्तलिखित विद्वानांच्या नजरेस आणले. त्याच्याच जोडीला ‘गंधवाद’ नावाचा, अज्ञात कर्त्याचा दुसरा ग्रंथ होता, आणि त्यावर होती चक्क मराठी टीका. गोडे यांनी तिचा काळ १३५० ते १५५० या दरम्यान ठरवला. ज्ञानेश्वरीनंतरच्या आणि एकनाथी भागवताच्या आधीच्या त्या काळात मराठी भाषा भक्तीबरोबरच सुगंधाच्या कृतीही समजावून सांगत होती. हे दोन्ही ग्रंथ रामकृष्ण तुळजाराम व्यास यांनी संपादून बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९८९ साली प्रसिद्ध केले. एकनाथांनी आपले भागवत १५७३ मध्ये वाराणसीतच पुरे केले. पैठणहून गेलेल्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्टाने निर्णयसिंधू हा ग्रंथ १६१२ साली तेथेच लिहिला. धर्म आणि भक्ती यांचे मराठी ऋण काशीत सर्वांना दिसते. गंधशास्त्राचे मराठी टिपण मात्र पोथीच्या बस्त्यात शतकानुशतके निजून राहिले.

गांध्याच्या या अफाट हिशेबात एक गोष्ट मात्र नाही. १,७४,७२० गंधांची मोजदाद करणाऱ्या गणितात त्वचेला स्थान नाही. गणित द्रव्यांपाशी संपते. प्रत्येक गंध हजार माणसांच्या अंगावर हजार तऱ्हांनी खुलतो हे हिशेबात धरले, तर त्या सागराला किनाराच उरणार नाही. वैद्यकाने ही उणीव काही अंशी भरून काढली. चरकाच्या ऋतुचर्येत हेमंतात उष्ण अगरूची दाट उटी, वसंतात चंदन व अगरू, ग्रीष्मात शीतल चंदन असा क्रम आहे. म्हणजे गंध निवडताना देह, घाम आणि हवा यांचा विचार करावा, हे मान्य झाले होते. अत्तराच्या युगातही हा ऋतुविवेक टिकून राहिला: उन्हाळ्यात वाळ्याचे, थंडीत हिन्याचे. काशीच्या पूर्वेला गंगाकाठी असलेल्या गाझीपूरच्या गुलाबाच्या शेतांचे आणि गुलाबपाण्याचे वर्णन बिशप हेबर याने १८२४ च्या प्रवासात केले आहे. पण गुलाबाचे असो वा हिन्याचे, जुन्या पद्धतीच्या अत्तराचा पाया चंदनाचे तेल हाच. तांब्याच्या डेगीतली वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते आणि तेथील चंदनतेलात मुरते. उडून जाणाऱ्या सुवासाला धरून ठेवण्याचे काम चंदन करते.

ते काम चंदनाला का साधते, हे रसायनशास्त्राने आता उलगडले आहे. चंदनतेलातील सॅन्टॅलॉल हे मुख्य घटक जड असून सावकाश उडतात. कापरासारखी द्रव्ये झटकन उडून जातात. अंगाच्या उबेने हलके घटक आधी निघतात, जड मागे राहतात; म्हणून एकाच अत्तराचा वास घटकाघटकाला पालटतो. त्वचा तेलकट असली तर गंध अधिक टिकतो, कोरडी असली तर लवकर उडतो. घाम, त्वचेतील स्निग्धांश आणि त्यावर जगणारे सूक्ष्म जंतू यांचे मिश्रण प्रत्येक माणसात वेगळे असते, आणि त्याचा वास लावलेल्या गंधात मिसळतो. प्राग येथील चार्ल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांनी एका काखेत आपले नेहमीचे अत्तर लावले आणि दुसऱ्या काखेत संशोधकांनी दिलेले. दोन्ही अत्तरे नुसती हुंगता सारखीच चांगली वाटत होती. देहाच्या वासात मिसळल्यावर मात्र ज्याचे त्याचे स्वतः निवडलेले अत्तर अधिक सुखद ठरले. माणूस नकळत स्वतःच्या अंगाला साजेसा गंध निवडतो. कौटिल्याचा ‘त्वगनुसारी’ हा शब्द येथे नव्या अर्थाने खरा झाला.

वैद्यांच्या नाकालाही आधुनिक शास्त्राने दाद दिली आहे. लोखंडाला हात लावल्यावर येणारा वास लोखंडाचा नसून लोहाच्या स्पर्शाने त्वचेतील स्निग्धांशाचे जे विघटन होते त्याचा आहे, आणि रक्त त्वचेवर चोळले असता तसाच वास येतो, असे २००६ साली दाखवण्यात आले. सुश्रुताच्या व्रणातला लोखंडी वास अशा रीतीने समजून घेता येतो. काही घातक जंतूंनी दूषित झालेल्या जखमांना गोडसर, द्राक्षासारखा वास येतो, हे आजचे डॉक्टरही जाणतात. स्कॉटलंडमधील एका परिचारिकेला आपल्या पतीच्या अंगाचा वास पालटून कस्तुरीसारखा झाल्याचे जाणवले होते, आणि अनेक वर्षांनी त्यांना पार्किन्सनचा विकार असल्याचे निदान झाले. त्या धाग्यावरून मँचेस्टरच्या संशोधकांनी २०१९ मध्ये अशा रोग्यांच्या त्वचेतील स्निग्धांशात वेगळे वासद्रव्य असल्याचे दाखवले. चरकाचा ‘पुष्पित’ आणि हे रोगी एकच, असे म्हणणे उतावीळपणाचे होईल; पण देह वासाने बोलतो हे प्राचीनांचे म्हणणे पोकळ नव्हते, एवढे निश्चित.

तिसरी पृथ्वी म्हणजे नाक, तेही सर्वांचे सारखे नाही. घामातील अँड्रोस्टेनोन या द्रव्याचा वास कोणाला मूत्रासारखा घाणेरडा, कोणाला गोड वाटतो, आणि कोणाला येतच नाही. हा भेद नाकातील एका ग्राहकाच्या जनुकाशी निगडित असल्याचे २००७ मध्ये सिद्ध झाले. आणि २०१४ साली जर्मनीतील बोखुम येथील संशोधकांना मानवी त्वचेच्या पेशींतच गंध ओळखणारा एक ग्राहक आढळला. चंदनगंधी अशा एका कृत्रिम द्रव्याने तो जागा होतो आणि जखम भरण्याच्या क्रियेला चालना मिळते. हे श्रेय खऱ्या चंदनाच्या माथी लावू नये, कारण प्रयोग कृत्रिम द्रव्याचा आहे. तरीही त्वचा केवळ गंध धारण करीत नाही, तर आपल्या परीने तो ओळखतेही, ही कल्पना काशीच्या तार्किकाला नवा पूर्वपक्ष देण्याजोगी आहे.

अगरूच्या झाडाची एक गोष्ट या संदर्भात आठवण्यासारखी आहे. निरोगी अगरूच्या लाकडाला जवळजवळ वास नसतो. खोडाला इजा होते, त्यात बुरशी शिरते, आणि तिच्याशी झगडताना झाड जी काळी राळ स्रवते तिलाच तो अपूर्व सुगंध असतो. राजसभेत मिरवणारा अगरू म्हणजे एका झाडाने आपल्या जखमेवर घातलेले लिंपण. माणसाच्या व्रणाला अगरूचा वास आला तर वैद्य चिंतेत पडतो; झाडाच्या व्रणाला तो आला तर व्यापारी मोल वाढवतो. वास तोच, तो कोणाच्या देहातून आला आणि कोण हुंगतो आहे, यावर त्याचा अर्थ ठरतो.

म्हणूनच मूळ प्रश्नाचे उत्तर एका बाजूने देता येत नाही. चंदनाशिवाय गंध नाही, अंगाशिवाय त्याला जीवन नाही आणि नाकाशिवाय त्याला अर्थ नाही. व्यवहाराच्या दृष्टीनेही या उत्तराला महत्त्व आहे. माणसांच्या वासावरून त्यांची पायरी ठरवण्याची खोड फार जुनी आहे. मत्स्यगंधेला हिणवणारे लोक कथेतच राहिले असे नाही. कष्टकऱ्याच्या घामाला नाक मुरडणारे आणि त्यात कुळाचा व जातीचा कमीपणा शोधणारे सर्व काळी आढळतात. परंतु देहाचा वास अन्नाने, ऋतूने, श्रमाने, आरोग्याने आणि त्वचेवरच्या जंतूंनी घडतो. प्रतिष्ठेने घडत नाही. सुश्रुत आणि चरक यांनी तो तुच्छतेचा विषय केला नाही. रोग्याला समजून घेण्याचे साधन केले. गोशीर्षक चंदनाला माशाचा वास येतो हे लिहून ठेवणाऱ्या पारख्याने त्याला कोशाबाहेर टाकले नाही; मौल्यवान मालाच्या यादीत त्याची नोंद केली.

सहाणेवर आजही खोड फिरते आहे आणि कपाळोकपाळी गंध लागते आहे. त्या एकाच गंधाचे जे अनेक वास होतात, त्यांत उणे-अधिक काही नाही. प्रत्येक अंगाने चंदनाला आपापल्या परीने दिलेले ते उत्तर असते.